मुलगा म्हणजे बॉय की सन? इंग्रजी नव्याने बोलणाऱ्यांसाठी

माझ्याकडे संध्याकाळी ज्या बायका इंग्रजी बोलायला शिकायला येतात त्यांना सगळ्यात आधी जे वाक्य हवं असतं ते स्वतःविषयीचं नसतंच, मुलाविषयीचं असतं. पालकसभेत मॅडमसमोर उभं राहून "माझा मुलगा पाचवीत आहे आणि त्याचं गणित कच्चं आहे" एवढंच सांगायचं असतं. पण तोंड उघडायच्या आधीच डोक्यात गोंधळ, बॉय म्हणू का सन म्हणू, चाइल्ड म्हटलं तर चालेल का, शेजारची तर सारखी माय किड माय किड करते, आणि त्या गोंधळात बाई गप्प बसते आणि मॅडमना वाटतं हिला काही बोलायचंच नाही. हे मी इतक्या वेळा बघितलंय की शेवटी ठरवलं, हा एकच विषय घेऊन सविस्तर लिहायचं. शब्द मोजकेच आहेत, नीट समजून घेतले तर आठवड्याभरात तोंडात बसतात.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून हा गोंधळ होतो. गोंधळ होतो कारण आपल्या मराठीत 'मुलगा' हा एक शब्द दोन कामं करतो. "रस्त्यावर एक मुलगा उभा आहे" यात मुलगा म्हणजे लहान वयाचा कुणीतरी, मुलगी नव्हे एवढंच. आणि "हा माझा मुलगा" यात मुलगा म्हणजे नातं. आपल्याला वाक्यावरून आपोआप कळतं म्हणून दोन शब्द कधी लागलेच नाहीत, तसे लेक आहे, पुत्र आहे, पत्रिकेवर चिरंजीव आहे, मालवणीत झील आहे, पण रोजच्या बोलण्यात आपला मुलगाच. इंग्रजीत मात्र ही दोन कामं दोन शब्दांत वाटून दिलीत. नात्याला सन, नुसत्या मुलाला बॉय. मुलींचंही तसंच, नात्याला डॉटर आणि नुसत्या मुलीला गर्ल.

तर पहिली पायरी ही. वाक्य बोलायच्या आधी मनात एकच प्रश्न विचारायचा, "कुणाचा?" उत्तर माणसाचं आलं, म्हणजे माझा, तिचा, जाऊबाईंचा, डॉक्टरांचा, तर सन. उत्तर जागेचं आलं, म्हणजे वर्गातला, रांगेतला, दारात उभा असलेला, तर बॉय. 'माय सन इज इन फिफ्थ स्टँडर्ड.' 'देअर इज अ बॉय अ‍ॅट द डोअर.' दारातला मुलगाही कुणाचा तरी असणारच की, पण आपण आत्ता त्याचं नातं सांगत नाही आहोत, दारात कोण आलंय ते सांगतोय.

माझ्याकडे एक ताई यायच्या, मंडईत भाजीचा गाळा त्यांचा, सकाळी चारला उठून मार्केट यार्डात जाणार आणि तरी संध्याकाळी वही घेऊन हजर. त्यांनी एकदा मुलाच्या वर्गातल्या मॉनिटरबद्दल सांगताना म्हटलं, 'दॅट सन इज व्हेरी क्लेव्हर.' मी काही दुरुस्त केलं नाही, फक्त विचारलं, "कुणाचा?" त्या दोन सेकंद थांबल्या, म्हणाल्या "कुणाचा म्हणजे, वर्गातला", आणि लगेच स्वतःच, 'दॅट बॉय इज व्हेरी क्लेव्हर.' त्यानंतर मी हा प्रश्न सगळ्यांनाच शिकवायला लागले. व्याकरणाचा नियम सांगण्यापेक्षा तो कितीतरी लवकर डोक्यात बसतो.

आता तुम्ही म्हणाल, पण 'माय बॉय' तर सर्रास ऐकतो. बरोबर आहे, ते आहेच. पण ते लाडाचं बोलणं आहे. मुलानं बक्षीस आणलं की बाप म्हणतो 'दॅट्स माय बॉय', आपण जसं "शाब्बास रे माझ्या वाघा" म्हणतो तसं. घरात, मैत्रिणींत म्हणा की, छान वाटतं. डॉक्टर, शाळा, बँक, अर्ज, इथं मात्र सन. आणि 'बॉय ऑफ माय सिस्टर' असं कधीच नाही, 'माय सिस्टर्स सन' म्हणायचं, किंवा सरळ 'नेफ्यू', त्यांच्याकडे भाचा आणि पुतण्या दोघांना मिळून तो एकच शब्द आहे. तिथं मात्र आपली मराठी श्रीमंत.

'कुणाचा' या नियमाला एक अपवाद आहे आणि तो रोज लागतो म्हणून सांगते. मुलं किती असं कुणी विचारलं तर 'आय हॅव टू चिल्ड्रन, अ बॉय अँड अ गर्ल' हे अगदी बरोबर. इथं आधीच 'माझी दोन मुलं' सांगून झालं, म्हणजे नातं सांगून झालं, आता उरलं काय तर मुलगा की मुलगी, मग बॉय आणि गर्ल. 'अ सन अँड अ डॉटर' म्हटलं तरी बरोबर. फक्त जोडी मोडायची नाही. 'अ सन अँड अ गर्ल' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं मुलगा तुमचा आणि मुलगी दुसऱ्या कुणाची तरी. आणि दोन्ही मुलगेच असतील तर 'आय हॅव टू बॉइज' असं इंग्रज बायकाही सहज म्हणतात, त्यात काही चुकीचं नाही.

लिहिताना एक काळजी घ्या. सन हा उच्चार दोन शब्दांचा आहे. मुलगा असेल तर मधलं अक्षर 'ओ', सूर्य असेल तर मधलं अक्षर 'यू'. आपण उच्चार ऐकून स्पेलिंग लिहितो म्हणून हात आपोआप 'यू' कडे जातो, आणि रजेच्या चिठ्ठीत माझ्या सूर्याला ताप आहे असं लिहून जातं. वहीच्या पहिल्या पानावर 'माय सन' दहा वेळा 'ओ' घालून लिहून काढा, मी सगळ्यांना लिहायला लावते.

दुसरी पायरी अनेकवचनाची, आणि खरं सांगायचं तर इथं जास्त नुकसान होतं. आपलं 'मुलं' म्हणजे काय? "वर्गात चाळीस मुलं आहेत" म्हटलं तर त्यात मुलीही आल्या. "मुलं एका रांगेत, मुली एका रांगेत" म्हटलं तर त्याच 'मुलं' मध्ये फक्त मुलगे. आणि "मला दोन मुलं" म्हटलं तर काहीही असू शकतं, दोन मुली असल्या तरी आपण म्हणतोच की दोन मुलं आहेत. एका आईनं अ‍ॅडमिशनच्या टेबलावर 'आय हॅव टू बॉइज' सांगितलं, तिला म्हणायचं होतं दोन मुलं, समोरच्यानं तसंच लिहून घेतलं आणि धाकट्या मुलीच्या कागदावर मुलगा पडला. मग दाखला, झेरॉक्स, अर्ज, दोन हेलपाटे आणि दोन दिवसांचा रोज बुडाला तिचा. म्हणून मुलगीही त्यात असेल किंवा सांगायची गरज नसेल तर चिल्ड्रन. फक्त मुलगे असतील तर बॉइज. स्वतःचे किंवा कुणाचे तरी मुलगे असं नातं सांगायचं असेल तर सन्स.

चिल्ड्रनला 'एस' लावून चिल्ड्रन्स करू नका, आणि चाइल्ड्स तर नाहीच नाही. याची गोष्ट मला फार आवडते. जुन्या काळी चाइल्डचं अनेकवचन 'चिल्डर' सारखं काहीतरी होतं, ते लोकांना पुरेसं अनेकवचन वाटेना म्हणून त्याला जुन्या पद्धतीचा 'एन' आणखी लावला आणि चिल्ड्रन झालं. म्हणजे त्या बिचाऱ्या शब्दावर आधीच दोन वेळा अनेकवचन चढलंय, तिसरं कशाला चढवायचं. 'चिल्ड्रन्स' फक्त तेव्हा येतं जेव्हा मुलांचं काहीतरी असतं, 'चिल्ड्रन्स डे', 'चिल्ड्रन्स वॉर्ड', आणि तेव्हा 'एस' च्या आधी वर स्वल्पविरामासारखी खूण येते.

आता किड. किड म्हणजे मुळात करडू, शेळीचं पिल्लू, आणि आपण जसं लेकराला लाडानं कोकरू म्हणतो तसा तो शब्द माणसाच्या पोरांना चिकटला. म्हणून तो घरगुती आहे. मैत्रिणीशी, सोसायटीत, ऑफिसात चहा पिताना 'माय किड्स' बिनधास्त म्हणा. पालकसभेत बोलतानाही चालतं, हल्ली शिक्षकच म्हणतात. पण मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना 'माय किड' लिहू नका, ते "आमच्या पोराला रजा द्या" असं लिहिल्यासारखं दिसतं. अर्जात 'माय सन' आणि नातं सांगायची गरज नसेल तिथं 'चाइल्ड'. आणखी एक, किड आणि चाइल्ड यात मुलगा की मुलगी ते कळत नाही, आणि कधीकधी नेमकं तेच हवं असतं, उदाहरणार्थ मैत्रिणीला बाळ झालंय आणि तुम्हाला माहीत नाही काय झालंय ते, तर 'हाऊ इज द बेबी' हे सगळ्यात सुरक्षित.

रजेच्या चिठ्ठीचा विषय निघालाच आहे तर ती देऊनच टाकते, कारण निम्म्या बायका त्यासाठीच येतात. 'डिअर मॅडम, माय सन' मग त्याचं नाव, मग इयत्ता आणि तुकडी, 'कुड नॉट कम टू स्कूल यस्टरडे बिकॉज ही हॅड फीव्हर. प्लीज एक्सक्यूज हिज अ‍ॅबसेन्स.' बास, एवढंच. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' वगैरे काही लिहायची गरज नाही, ते साहेबाच्या काळातलं. मुलगी असेल तर सनचं डॉटर होतं, 'ही' चं 'शी' आणि 'हिज' चं 'हर', हे तिन्ही बदलायचे, एकच बदलून दोन तसेच ठेवले तर चिठ्ठी विचित्र होते.

शाळेकडून येणाऱ्या कागदात तुम्हाला एक वेगळाच शब्द भेटेल, वॉर्ड. 'युअर वॉर्ड हॅज नॉट पेड द फी' असं काहीतरी. एक ताई तो कागद घेऊन घाबऱ्या घाबऱ्या माझ्याकडे आल्या होत्या, त्यांना वाटलं आपल्या नगरपालिकेच्या वॉर्डाचं काहीतरी आहे आणि शाळेला घराचा पत्ता चुकीचा गेलाय. वॉर्ड म्हणजे तुमच्या देखरेखीखालचं मूल, तुम्ही आई असा, आजी असा, मामा असा, पालक म्हणून जबाबदार आहात एवढाच अर्थ. भारतातल्या शाळांना हा शब्द प्रिय आहे. वाचता आला पाहिजे, पण तुम्ही स्वतः वापरू नका. आई बोलत असेल तर 'माय सन' यातच खरा जिव्हाळा आहे.

बाकी फॉर्मवरचे शब्द पटापट सांगते. जुन्या आधार कार्डांवर पत्त्याच्या आधी 'एस', तिरकी रेघ, 'ओ' असायचं ते 'सन ऑफ', 'डी' असेल तर 'डॉटर ऑफ'. फॉर्ममध्ये 'रिलेशनशिप' असं विचारलं असेल तर सन लिहायचं, बॉय कधीच नाही. 'सेक्स' किंवा 'जेंडर' असं विचारलं असेल तर मेल, तिथं बॉय आणि सन दोन्ही नकोत. मेल हा शब्द फॉर्मपुरताच ठेवा, बोलताना 'आय हॅव वन मेल' म्हणू नका, ते जनावराबद्दल बोलल्यासारखं होतं. बँकेत मुलाचं खातं उघडताना मायनर म्हणतात, म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेला. ज्युवेनाइल हा शब्द मात्र आपल्या मुलाबद्दल चुकूनही नको, कायद्याच्या नावात तो आजही आहे पण लोकांच्या मनात तो पोलीस आणि गुन्हा यांच्याशीच जोडलेला आहे.

आणि मास्टर. विमानाचं तिकीट काढताना मिस्टर, मिसेस, मिस यांच्यासोबत मास्टर दिसतं आणि आपल्याला वाटतं हे शिक्षकांसाठी असणार, कारण आपल्याकडे मास्तर म्हणजे गुरुजी. नाही, ते लहान मुलासाठी आहे, 12 वर्षांखालच्या. आपण पाकिटावर कुमार लिहितो किंवा चि. लिहितो त्या जागी ते मास्टर लिहितात. जुन्या सिनेमांच्या पाट्यांवर बालकलाकारांच्या नावापुढे मास्टर आणि बेबी असायचं ते आठवा, तेच हे. तिकिटावर इन्फंटही असतं. विमानात इन्फंट म्हणजे 2 वर्षांखालचं बाळ, पण आपल्या रेल्वेच्या तिकिटात इन्फंट म्हणजे 5 वर्षांखालचं, तेव्हा शब्द तोच असला तरी वय वाचल्याशिवाय टिक करू नका. इन्फंट हा शब्द लॅटिनमधून आलाय, अर्थ आहे अजून बोलता न येणारं. बोलण्यात इन्फंट कुणी म्हणत नाही, तान्ह्याला बेबी म्हणतात, दुडुदुडु चालायला लागला की टॉडलर, साधारण 1 ते 3 वर्षं, आणि 13 ते 19 ला टीनेजर, कारण इंग्रजीत त्या सगळ्या आकड्यांच्या शेवटी टीन येतं. टॉडलरला तर 'दुडुदुडु' हाच मराठी शब्द मला पटतो.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. बॉय हा शब्द मोठ्या माणसाला लावायचा नाही. आपल्याला हे चटकन कळत नाही कारण आपल्याकडे तीस वर्षांचा नवरदेवही मुलगाच असतो. "मुलगा पुण्यात असतो, मुलगा बघायला येणार आहेत, मुलाकडची मंडळी", यात काही वावगं नाही. पण बायोडाटा इंग्रजीत करताना 'बॉय इज इंजिनियर, एज थर्टी टू' असं लिहिलं आणि परदेशातल्या स्थळाच्या इंग्रज मैत्रिणीनं वाचलं तर तिला कळणारच नाही की बत्तीस वर्षांचा बॉय कसा काय. तिथं 'ग्रूम' लिहा, किंवा सरळ 'ही', किंवा 'अवर सन' लिहा. सनला वय नसतं बघा, पन्नाशीचा झाला तरी तो आईचा सनच, पण बॉय मात्र मोठा झाला की मॅन होतो.

आणि दुसरं कारण जास्त मोठं आहे. जुन्या इंग्रजीत बॉय या शब्दाचा अर्थ आधी नोकर, हरकाम्या असा होता, लहान मुलगा हा अर्थ नंतर पक्का झाला. आपल्याकडे हॉटेलातल्या पोऱ्याचं तसंच झालंय ना, पोर वरूनच पोऱ्या, पण पोऱ्या म्हटलं की डोळ्यासमोर कपबशा उचलणारा येतो. इंग्रज इथं होते तेव्हा पिकल्या केसांच्या नोकराला सुद्धा 'बॉय' अशी हाक मारायचे, पालखी वाहणाऱ्या भोयांना सुद्धा. अमेरिकेत गोरे लोक काळ्या माणसांना, बापमाणसांना, मुद्दाम बॉय म्हणायचे, तू कधी मोठा होणारच नाहीस, तुला मान मिळणारच नाही, हे सांगायला. 1968 साली मेम्फिस शहरात सफाई कामगारांचा संप झाला तेव्हा त्यांनी गळ्यात पाट्या घातल्या होत्या, 'आय अ‍ॅम अ मॅन'. मी माणूस आहे, बॉय नाही. आणि 2006 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काळ्या कामगाराला नुसतं बॉय म्हणणं, पुढे मागे दुसरा कुठला शब्द नसला तरी, भेदभावाचा पुरावा ठरू शकतं, कसं म्हटलं, कुठल्या सुरात म्हटलं ते बघायला हवं.

म्हणून परदेशात गेलात तर हॉटेलात वेटरला, दुकानातल्या माणसाला, सामान आणून देणाऱ्याला बॉय म्हणू नका, आपल्या मनात काहीही वाईट नसलं तरी नको. 'एक्सक्यूज मी' पुरतं. आणि इथंही, ऑफिस बॉय, डिलिव्हरी बॉय हे शब्द आपल्या तोंडात बसलेत खरे, पण पार्सल घेऊन तीन जिने चढून आलेला माणूस चाळिशीचा असतो, घरी दोन मुलं असतात. 'द डिलिव्हरी मॅन इज हिअर' म्हणायला काय जातं आपलं? मराठीत तर सोप्पंच आहे, दादा किंवा काका. मात्र क्रिकेटच्या टीमला 'द बॉइज प्लेड वेल' म्हणतात, मित्रमित्र एकमेकांना बॉइज म्हणतात, ते वेगळं, ते बरोबरीच्यांमधलं प्रेम आहे.

शेवटची पायरी फक्त जे बाहेर जाणार आहेत त्यांच्यासाठी, म्हणजे मुलाकडे-सुनेकडे सहा महिने जाणारे आजी-आजोबा, किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे जाणारी सून. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर, लँकेशायर त्या बाजूला, आणि स्कॉटलंडमध्ये लॅड ऐकू येईल, मुलगी असेल तर लॅस. नागपूरकडचा पोट्टा आणि कोल्हापूरकडचं पोरगं कसं तिथल्या मातीचं असतं, तसं लॅड आहे. ऐकून समजून घ्या, पण लगेच स्वतः वापरायची घाई नको, सातारच्या माणसानं दुसऱ्या दिवशी पोट्टा म्हटलं तर कसं वाटेल तसंच ते वाटतं. स्कॉटलंडमध्ये बेर्न असंही म्हणतात, त्यात मुलगा-मुलगी दोन्ही येतात, आपल्या लेकरू सारखं.

कुणी म्हाताऱ्या गृहस्थानं तुमच्या नातवाला 'थँक यू, सन' म्हटलं तर दचकू नका, तिथं मोठी माणसं परक्या मुलालाही सन म्हणतात, आपण कुणालाही बाळा किंवा बेटा म्हणतो तसं. अमेरिकेत त्या जागी बडी ऐकू येईल. आणि आई-वडील मुलाला पूर्ण नावानं हाक मारून पुढे 'यंग मॅन' म्हणाले तर तो मान नाही हां, ती रागाची सुरुवात आहे.

बाळंतपणासाठी जाणाऱ्या आज्यांना एवढंच सांगेन की तिकडे सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते विचारून सांगतात. आपल्याकडे 1994 च्या कायद्यानं त्याला बंदी आहे आणि दवाखान्यात तशी पाटीच असते, त्यामुळे डॉक्टर सहज 'इट्स अ बॉय' म्हणाले की आपल्याला धस्स होतं. मुलगा असून 'इट' का, असा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी विचारला होता. बातमी पहिल्यांदा सांगताना, ओळख करून देताना इंग्रजीत 'इट' चालतं, दारावर टकटक झाली की 'हू इज इट' म्हणतात तसंच. एकदा कळलं की मग 'ही'. त्या आजी जायच्या आधीचे पंधरा दिवस रोज माझ्याकडे एकच वाक्य घोकत होत्या, 'ही इज माय डॉटर्स सन', आणि मी त्यांना सांगितलं होतं की ग्रँडसन असा सोपा शब्द आहे, तर म्हणाल्या, "असू दे, पण त्यात माझ्या लेकीचं नाव येत नाही."